माजी फौजी म्हणून स्थळ आलंय? हो म्हणायच्या आधी एवढं तपासा

आपल्याकडे स्थळ फौजी आहे म्हटलं की अर्धी चौकशी तिथेच संपते. मुलगा बँकेत असला तर शाखा कुठली, कायम आहे की कंत्राटी, पगार हातात किती येतो हे सगळं खोदून विचारणारी माणसं "मी मिलिटरीतून रिटायर झालोय" एवढं ऐकलं की गप्प बसतात, कारण देशासाठी लढून आलेल्या माणसाकडे कागद मागायचे म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. भामट्यांना नेमका हाच संकोच पाहिजे असतो. आणि गंमत म्हणजे खऱ्या फौजीचं आख्खं आयुष्य कागदांवर चालतं, सुट्टीचा कागद, मूव्हमेंट ऑर्डर, मेडिकल, डिस्चार्ज, त्यामुळे कागद दाखवा म्हटलं तर त्याला काहीच वाटत नाही, पिशवीच काढून समोर ठेवतो.

मला हे कळलं ते आमच्या आत्याच्या मुलीमुळे. ताईचा घटस्फोट झालेला, वय ३७, लग्नाच्या साईटवर नाव घातलं आणि आठवड्याभरात एक स्थळ आलं, "रिटायर्ड सुभेदार मेजर, वय ३८, मराठा रेजिमेंट, पत्नी वारली, पेन्शन चालू". रोज सकाळी "जय हिंद" आणि रात्री तासभर फोन. दोन महिन्यात ताईने चाळीस हजार पाठवलेले आणि घरात कोणालाच पत्ता नाही. पुढे काय झालं ते ओघात येईलच, पण त्या प्रकरणातून मी आणि आमच्या काकांनी (ते स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून आलेत) मिळून जी काय पद्धत बसवली ती इथे लिहितोय. नवीनच साईटवर नाव घातलं असेल किंवा आईवडील तुमच्यासाठी बघत असतील तर ह्याच क्रमाने जा.

सगळ्यात आधी वयाचं गणित

ह्याला कोणालाही फोन करायला लागत नाही, कागद-पेन घ्या आणि बसा. जवान म्हणून भरती व्हायला कमीत कमी साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात. जवानाला नेहमीची पेन्शन लागू व्हायला साधारण १५ वर्षं नोकरी लागते, ऑफिसरला २० वर्षं. शॉर्ट सर्व्हिसवाले ऑफिसर १० वर्षांनी, वाढवून घेतली तर १४ वर्षांनी बाहेर पडतात आणि त्यांना ही नेहमीची पेन्शन नसते. आता कोणी म्हणाला "वय ३१, रिटायर्ड मेजर, महिन्याला पेन्शन येते" तर तुम्हीच बघा, ऑफिसर विसाव्या-एकविसाव्या वर्षाच्या आत होत नाही, त्यात २० मिळवा, चाळिशी ओलांडते. हां, जखमी होऊन किंवा आजारपणामुळे बाहेर पडलेल्याला दिव्यांगत्वाची पेन्शन लवकर मिळू शकते, पण मग त्याच्याकडे मेडिकल बोर्डाचे कागद असतात आणि तो ते दाखवू शकतो.

आमच्या ताईच्या स्थळाचं बघा, ३८ वर्षांचा रिटायर्ड सुभेदार मेजर. हा हुद्दा म्हणजे शिपायापासून सुरू झालेल्या माणसाचं जवळजवळ शेवटचं टोक, तिथे पोचेपर्यंत केस पांढरे होतात. काका प्रोफाइल बघून एवढंच म्हणाले, "अरे हा काय पाळण्यातनं भरती झालता का."

तसंच लढाईच्या गोष्टींचं. कारगिल १९९९ चं. १९८२ नंतर जन्मलेला माणूस तिथे लढलेला असू शकत नाही, कारण तेव्हा त्याचं वय फार तर सोळा होतं. तरी अशा "कारगिल योद्ध्यांची" प्रोफाइलं असतात, आणि जन्मतारीख त्याच पानावर दिलेली असते! आणि "माजी अग्निवीर, पेन्शनर" असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. अग्निपथ योजना आली जून २०२२ मध्ये, नोकरी चार वर्षांची, आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला एकरकमी सेवा निधी मिळतो, पेन्शन नसते.

हुद्दा आणि दल जुळतंय का

मेजर, कर्नल, सुभेदार, हवालदार हे आर्मीतले हुद्दे. एअरफोर्समध्ये फ्लाइट लेफ्टनंट, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन असे असतात, नेव्हीत कमांडर वगैरे. "एअरफोर्समध्ये मेजर होतो" म्हणणारा तिथेच पकडला जातो. कॅप्टन हा शब्द मात्र फसवा आहे, आर्मीतला कॅप्टन म्हणजे तरुण ऑफिसर आणि नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, त्यामुळे नुसतं कॅप्टन म्हणाला तर कुठला ते विचारून घ्या. अजून एक बारीक गोष्ट, खरे ऑफिसर लिहिताना "रिटायर्ड" हे नावाच्या शेवटी लिहितात, कारण त्यांच्यात म्हणतात की माणूस रिटायर होतो, हुद्दा होत नाही. ह्या एकट्या गोष्टीवर कोणाला खोटं ठरवू नका, खूप जण सवयीने उलटं लिहितात, ताईच्या त्या महाशयांनीही लिहिलेलं आणि आम्ही ते सोडून दिलेलं.

फोटो

युनिफॉर्ममधला फोटो म्हणजे पुरावा असं घरातल्या मोठ्या माणसांना वाटतं, तर तसं काही नाही. युनिफॉर्म दुकानात शिवून मिळतो आणि फोटो कुठूनही उचलता येतो. फोटो मोठा करून नावाची पट्टी वाचा. ती उजव्या छातीवर असते, मेडलच्या रिबिनी डाव्या छातीवर. फोटोत हे उलट दिसत असेल किंवा पट्टीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतील तर फोटो फिरवलेला आहे. सेल्फीतही असं होतं म्हणा, पण भामटे मुद्दाम फिरवतात म्हणजे गूगलवर फोटो शोधला तर मूळ माणूस सापडायला नको. म्हणून फोटो सरळ करून पण शोधा आणि आहे तसा पण शोधा. पट्टीवर आडनाव वेगळं आणि प्रोफाइलवर वेगळं हे तर मी स्वतः बघितलंय, विचारल्यावर उत्तर आलं की "मित्राचा शर्ट घातला होता". फौजेत मित्राची नावाची पट्टी लावून फोटो काढतात म्हणे!

मेडलची बढाई मारत असेल तर ते तपासणं सोपं आहे. शौर्य पुरस्कारांची सरकारी वेबसाईट आहे, परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र मिळालेल्यांची नावं तिथे सापडतात. परमवीर चक्र तर आजपर्यंत फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातल्या बहुतेकांना मरणोत्तर.

फोनवर विचारायचे साधे प्रश्न

फार हुशारीचे प्रश्न नकोत, युद्धाच्या गोष्टी तर अजिबात विचारू नका, त्या कोणीही रंगवून सांगतं. जवानाला विचारा, "ट्रेनिंग सेंटर कुठलं?" प्रत्येक जवानाला आपलं सेंटर जन्मगावासारखं पाठ असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. ऑफिसरला विचारा, "एनडीए की थेट आयएमए की ओटीए, आणि कोर्स कितवा?" (ह्या ऑफिसर घडवणाऱ्या अकॅडम्या.) ऑफिसर लोक एकमेकांना कोर्सच्या नंबरावरून ओळखतात, तो नंबर ते विसरत नाहीत. सर्व्हिस नंबर कशाने सुरू होतो तेही विचारा, कायम कमिशनवाल्यांचा आयसी ने, शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचा एसएस ने, जेसीओंचा म्हणजे सुभेदार वगैरेंचा जेसी ने. पूर्ण नंबर मागायची गरज नाही.

शक्य असेल तर हे तुम्ही विचारूच नका, ओळखीतल्या एखाद्या खऱ्या माजी सैनिकाला फोन द्या. गावोगावी असतात, आणि ह्या कामाला एका पायावर तयार होतात. आमच्याकडे काकांनी फोन घेतला आणि अगदी गोडीत विचारलं,

"राम राम साहेब, मी पण मराठ्याचाच. सेंटर कुठलं तुमचं?"

"पुणे."

"आं? मराठ्याचं सेंटर पुण्याला कधी गेलं?"

मग म्हणे आवाज तुटतोय, नेटवर्क नाहीये, नंतर करतो. तो नंतरचा फोन आजतागायत आला नाही. पण दुसऱ्या दिवशी ताईला मेसेज आला, "तुझ्या घरच्यांनी एका फौजीचा अपमान केला." आणि ताई आमच्यावरच चिडली! हा भाग लक्षात ठेवा, प्रश्न विचारला की उत्तराच्या जागी अपमान पुढे येतो, आणि तोपर्यंत आपलं माणूस त्याच्या बाजूला गेलेलं असतं. घरच्यांनी अशा वेळी आवाज चढवला तर माणूस आणखी लांब जातं, आमच्याकडे आत्याने नेमकं तेच केलं आणि पुढचे पंधरा दिवस ताई कोणाशी धड बोलली नाही.

कागद, आणि ते कसे बघायचे

माजी सैनिकाकडे साधारण हे असतंच: डिस्चार्ज बुक (ऑफिसरकडे रिलीजचे कागद), पेन्शन असेल तर पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र, आणि बहुतेकांकडे ईसीएचएसचं हॉस्पिटलचं कार्ड आणि कँटीनचं म्हणजे फौजेच्या सवलतीच्या दुकानाचं कार्ड.

लग्नाच्या दृष्टीने ह्यात सगळ्यात महत्त्वाचा पीपीओ. का, तर विवाहित सैनिकाच्या पीपीओत फॅमिली पेन्शनसाठी बायकोचं नाव असतं. फौजेत लग्न झालं की त्याची नोंद रेकॉर्डला जाते, मुलं झाली की तीही जाते, त्यामुळे हा कागद गावातल्या चौकशीपेक्षा जास्त बोलतो. अविवाहित म्हणवणाऱ्याच्या पीपीओत कोणाचं नाव आहे का बघा. विधुर असेल तर त्या नावाचा मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा. ह्यातला एक जरी कागद "गावाकडे राहिलाय" तर तो गावाकडून येईपर्यंत पुढची बोलणी नाहीत.

ताईला त्याने पीपीओचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला होता. ती आम्हाला तावातावाने दाखवत होती, बघा कागद आहे की नाही. कागद खरा वाटत होता. फोटो हातात धरून काढलेला, आणि धरणाऱ्याचा अंगठा बरोबर मधल्या दोन ओळींवर. काकांनी आपला पीपीओ कपाटातून आणून शेजारी ठेवला, आणि अंगठ्याखाली काय असतं ते तिला वाचायला सांगितलं. बायकोचं नाव आणि जन्मतारीख. ताई बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसली. कागद कोणा दुसऱ्याच माणसाचा होता की त्याचाच आणि बायको जिवंत आहे, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून फोनवर आलेला कुठलाही कागद धरायचा नाही. खऱ्या सैनिकांच्या कार्डांचे आणि आधारचे फोटो ह्या टोळ्यांकडे भरपूर असतात, तेच सगळीकडे फिरवतात. मूळ कागद हातात घेऊन, दोन्ही बाजूंनी, समोर बसून बघायचा. आणि त्याला सांगा की आपण दोघं मिळून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन येऊ. तुम्ही एकट्याने फोन करून दुसऱ्याची माहिती मागितली तर कार्यालयाने ती का द्यावी, पण तो स्वतः सोबत आला तर नोंदणी दाखवायला दहा मिनिटं लागतात. खरा माणूस येतो, वर तिथल्या क्लार्कशी गप्पा मारत बसतो आणि आपल्यालाच उशीर होतो.

पैशाची गोष्ट कुठून निघते

इथे जरा सावकाश वाचा कारण पैसे कधीच "मला पैसे दे" असं म्हणून मागत नाहीत.

सगळ्यात चालणारी थाप म्हणजे अडकलेली पेन्शन. "ओआरओपीचे अरिअर्स (मागची थकबाकी) अकरा लाख आलेत पण फाइल अडकलीय, थोडी प्रोसेसिंग फी भरायचीय." ओआरओपी म्हणजे वन रँक वन पेन्शन, ती खरोखर आहे, १ जुलै २०१४ पासून लागू धरलेली, तिचे अरिअर्सही खरोखर मिळालेत, म्हणून थाप खपते. पण ते पैसे थेट पेन्शनच्या खात्यात जमा होतात, सोडवून घ्यायला कोणालाही फी भरावी लागत नाही. ताईचे चाळीस हजार ह्याच फाइलवर गेले, पंधरा, पंधरा आणि दहा असे तीन हप्त्यात.

दुसरी थाप कँटीनची. "मला कँटीनमधून गाडी स्वस्तात मिळते, तुझ्या भावासाठी घेऊ, तू फक्त रक्कम पाठव." ती सवलत त्या सैनिकाची स्वतःची असते, गाडी त्याच्याच नावावर निघते, मेव्हण्याच्या नाही.

तिसरी भरतीची, आणि ही सगळ्यात वाईट कारण ह्यात आख्खं गाव ओढलं जातं. भावी जावई म्हणतो "साहेब माझे ओळखीचे आहेत, तुमच्या पुतण्याला लावून देतो, बाकीच्यांनाही सांगा." आर्मीची भरती ऑनलाइन नोंदणी, परीक्षा, मैदानी चाचणी आणि मेडिकल ह्यातूनच होते, पैसे घेऊन लावून देणारा कुठलाही साहेब त्यात नसतो. पण लग्न जमतंय म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि मग तो पळाला की पैसे मागायला शेजारी तुमच्या दारात.

ह्याशिवाय क्यूआर कोड पाठवून "मी तुला पैसे टाकतोय, स्कॅन करून पिन टाक" म्हणणारे. यूपीआयचा पिन पैसे पाठवायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि तुमच्या नावावर पर्सनल लोन काढायला लावणारे, "हप्ते मी पेन्शनमधून भरतो" म्हणून. लोन तुमचं, हप्ता तुमचा.

माझं मत विचाराल तर लग्न होईपर्यंत कुठल्याही कारणाने, कितीही रडला तरी, एक रुपयाही द्यायचा नाही. हॉस्पिटल, अपघात, मुलाची फी, काहीही असो. ज्याला पेन्शन, ईसीएचएस आणि पलटणीतले शंभर मित्र आहेत त्याला दोन महिन्यांच्या ओळखीतल्या बाईकडे पैसे मागायची वेळ का यावी?

परदेशी फौजी

ह्याच्यावर फार लिहीत नाही कारण साचा एकच. अमेरिकन किंवा ब्रिटिश आर्मीचा जनरल नाहीतर डॉक्टर, बायको वारलेली, एक मुलगी, रिटायर होऊन भारतात स्थायिक व्हायचंय. मग दागिने आणि डॉलरची पेटी पाठवतो, आणि दोन दिवसांनी दिल्ली विमानतळाच्या "कस्टम्समधून" बाईचा फोन येतो की ड्यूटी भरा नाहीतर केस होईल. कस्टम्स खातं कोणाच्या खाजगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही, आणि त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो जो खात्याच्या वेबसाईटवर तपासता येतो. सैनिकाची सुट्टी मंजूर करायला होणाऱ्या बायकोने फी भरायची अशी पद्धत कुठल्याच देशाच्या सैन्यात नाही. ब्लॉक करा आणि पुढे चला.

भेट

व्हिडिओ कॉल करा, पण त्यावर विसंबू नका, हल्ली चेहरा बदलून कॉल करता येतो. प्रत्यक्ष भेट, पहिली सार्वजनिक ठिकाणी आणि सोबत कोणीतरी. दुसरी त्याच्या घरी, दिवसा, न सांगता गेलात तर उत्तम. गावात फौजी कोण आहे हे लपत नाही, तो सुट्टीवर यायचा तेव्हा ट्रंक घेऊन कुठल्या एसटीने उतरायचा हेसुद्धा लोकांना आठवत असतं. "सिक्रेट मिशनवर होतो म्हणून गावात कोणाला माहीत नाही" हे उत्तर आलं तर चहासुद्धा न घेता उठा.

लग्न गुपचूप करूया, देवळात उरकूया, नोंदणी नंतर बघू, ह्यालाही नाही म्हणा. पहिली बायको असताना केलेलं लग्न टिकत नाही आणि त्याचा त्रास तुम्हालाच होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. लग्न करतो असं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर कलम ६९ वेगळं आहे.

पैसे गेलेच असतील तर

ताबडतोब १९३० ला फोन. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर, तारीख, रक्कम, कुठल्या बँकेतून गेले हे जवळ ठेवा. मग आपल्या बँकेला कळवा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पोलीस स्टेशनने "आमच्या हद्दीत येत नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, तो घ्यावाच लागतो. फसवणूक, तोतयेगिरी, आणि ऑनलाइन तोतयेगिरीसाठी आयटी कायद्याचं ६६ डी, ही कलमं लागू शकतात. सैनिक नसताना सैनिक भासवायला गणवेश घालणं हाही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, शिक्षा छोटी आहे पण फोटो असेल तर तक्रारीत लिहा.

चॅट पुसू नका. राग आला की पहिलं बोट डिलीटवरच जातं, पण तोच तर पुरावा. आधी चॅट एक्सपोर्ट करा, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, कॉलची यादी ठेवा, मगच ब्लॉक. त्याला "मला सगळं कळलंय" असं सांगायला जाऊ नका, तो खातं रिकामं करून मोकळा होईल. खाजगी फोटोंची धमकी देत असेल तरी पैसे देऊ नका, एकदा दिले की रक्कम वाढत जाते. आणि थोड्या दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणून वकील किंवा सायबर अधिकारी बनून कोणीतरी फोन करेल, तो बऱ्याचदा त्याच टोळीतला असतो.

लग्नाच्या साईटलाही कळवा, म्हणजे ते प्रोफाइल निदान उतरेल. २०१६ पासून ह्या साईट्ससाठी सरकारची मार्गदर्शक सूचना आहे की लोकांची ओळख तपासायची आणि तक्रार घ्यायची सोय ठेवायची, त्यामुळे तक्रारीचा मेल टाकला की पोच मागून घ्या.

ताईने तिसरा हप्ता पाठवून अकरा दिवस झाले होते तेव्हा आम्ही १९३० ला फोन केला. पहिले दोन हप्ते कधीच पुढे गेलेले, शेवटच्या दहा हजारातले सहा हजार दोनशे एका खात्यात पडून होते ते गोठवले गेले. ते परत मिळायला कोर्टाचा आदेश लागला आणि पाच महिने. ज्या दिवशी ते जमा झाले त्या दिवशी ताईने तो मेसेज काकांना फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "हवालदार साहेब, अरिअर्स आले."